एकटं फिरायचं तर दीडपट पैसे का?

खिडकीजवळची | ११ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी गोरेगावला राहते, वय ५४, बँकेत नोकरी, घरी एकटी. आईच्या आजारपणात दहा-बारा वर्षं कुठे जाणं झालं नाही. ती मागच्या श्रावणात गेली. यंदा ठरवलं, रजा फुकट घालवायची नाही. शनिवारी दादरला एका सहल कंपनीच्या ऑफिसात गेले. हिमाचल, ८ दिवस ७ रात्री, माहितीपत्रकावर ठसठशीत आकडा ३८,५००. पर्समधून चेकबुक काढतच होते, तेवढ्यात समोरच्या मुलीने विचारलं, "कोण कोण आहात मॅडम?" म्हटलं, मी एकटीच. तिने पेनाने ३८,५०० वर काट मारली आणि शेजारी ५२,००० लिहिलं. "ते ट्विन शेअरिंगचं होतं, दोघांत एका खोलीचं."

बसमध्ये मी एकच सीट अडवणार, पोळ्या दोनच खाणार, मग हे वरचे १३,५०० नक्की कशाचे? आणि ते टाळता येतात का? "लग्न करा" सोडून बाकी सगळे सल्ले चालतील.

कल्याण_स्लो | ११ जानेवारी, रात्री १०:३१

ते सोडून म्हणालात म्हणजे इथले निम्मे सल्लागार बाद. हलकेच घ्या.

बेधडक_बाबुराव | ११ जानेवारी, रात्री १०:५८

मला यात अन्याय वगैरे काही दिसत नाही. अख्खी खोली वापरायची तर अख्ख्या खोलीचे पैसे द्या. रिक्षात एकटे बसलात म्हणून मीटर अर्धा पडतो का?

लोणचंपोळी | ११ जानेवारी, रात्री ११:०४

@बाबुराव, मीटर अर्धा पडत नाही म्हणूनच तर आपण स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहतो. ताई तेच विचारतायत, सहलीतली शेअर रिक्षा कुठे मिळते.

निवृत्त_भटारखाना | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

बाबुराव अर्धे बरोबर आहेत. मी तीस वर्षं हॉटेलांत काढली, त्यातली अठरा थंड हवेच्या ठिकाणी. हिशोब मांडून दाखवतो.

१३,५०० भागिले ७ रात्री, म्हणजे रात्रीला साधारण १,९३०. याचा अर्थ कंपनीने दोघांच्या खोलीचा दर ३,८५० च्या आसपास धरलाय आणि त्यातला दुसऱ्या माणसाचा अख्खा अर्धा भाग तुमच्यावर टाकलाय. आता गोम इथे आहे. सहलींचे दर बहुतेक एमएपी असतात, म्हणजे खोली, नाश्ता आणि रात्रीचं जेवण. त्या ३,८५० मध्ये दोन माणसांचं खाणं आलं. माणशी ७०० धरा, म्हणजे १,४०० खाण्याचे आणि नुसती खोली २,४५० ची. तुमच्यासोबत दुसरं कोणी नाही, म्हणजे दुसरं कोणी जेवणारही नाही. मग तुमच्यावर बोजा पडायला हवा फक्त अर्ध्या खोलीचा, १,२२५. सात रात्रींचे ८,५७५. उरलेले चार हजार नऊशे जो माणूस आलाच नाही त्याच्या जेवणाचे.

आकडे अंदाजाने घेतलेत, पण पद्धत हीच. आमच्याकडे एकट्याचा दर नेहमीच दोघांच्या दरापेक्षा कमी असायचा, तो याच खाण्यामुळे. एजंटला तो मिळतो, गिऱ्हाइकाला मिळेलच असं नाही. तेव्हा जाऊन फक्त एवढं विचारा: "सिंगलच्या दरात जेवण एकाचं धरलंय की दोघांचं?" आवाज न चढवता.

खिडकीजवळची | १२ जानेवारी, सकाळी ८:४०

काका, एवढी वर्षं बँकेत लोकांचं व्याज मोजतेय आणि हे डोक्यात आलं नाही! विचारते.

जोशीकाकू_मुलुंड | १२ जानेवारी, दुपारी २:१०

अगं, कंपनीला सांगायचं, मला रूम पार्टनर द्या. त्यांच्याकडे एकट्या बायका असतातच, त्या जोड्या लावून देतात आणि जादा पैसे लागत नाहीत. फक्त एक आधी लेखी घे: पार्टनर नाहीच मिळाली तर फरक कोण भरणार. काही कंपन्या स्वतः सोसतात, काही निघायच्या आठ दिवस आधी फोन करून तुझ्याकडे मागतात.

मी राजस्थानला अशीच गेले होते. माझ्या वाट्याला आलेल्या बाई स्वभावाने लाख होत्या हो, पण नातू कॅनडात. रोज रात्री दोन वाजता व्हिडिओ कॉल. स्पीकरवर. "आजीला पापा दे, ये ये ये." तिसऱ्या रात्री तो नातू मलाही ओळखायला लागला. चौथ्या रात्री त्याने मला विचारलं, तू का झोपली नाहीस?

चहाबाज | १२ जानेवारी, दुपारी २:२२

मेलो काकू.

पश्चिमेचा_वारा | १२ जानेवारी, दुपारी ३:०५

माझा पार्टनर घोरायचा. नुसता घोरत नव्हता, आधी एक्स्प्रेस जायची, मग मालगाडी, मग अर्धा मिनिट सिग्नल. तो सिग्नलचा अर्धा मिनिट सगळ्यात वाईट, कारण आपण वाट बघत बसतो.

राजापूरची_गंगा | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

कोकणातली आहे म्हणून सांगते. ताई, तुम्ही दर खोलीचा असेल अशा ठिकाणी जाताय, म्हणून एकटेपणाचे पैसे पडतायत. आमच्याकडे घरगुती राहण्याचा दर पूर्वापार माणशी असतो. गुहागर, आंजर्ले, मुरूड, तारकर्ली, कुठेही फोन करा, पहिला प्रश्न येतो "किती माणसं?" आणि मग माणशी अमुक, चहा-नाश्ता-दोन्ही जेवणं धरून. ताटावर हिशोब. खोलीत पंखा आणि गादी आहे, तिचं वेगळं अप्रूप नाही.

पण शनिवार-रविवार सोडून जा. शनिवारी एकटं माणूस म्हणजे चार जणांची खोली अडवणारं माणूस. त्या दिवशी आमची आत्याच "जागा नाही" म्हणून सांगते, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

बेधडक_बाबुराव | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:४४

म्हणजे आत्यानेही माझंच म्हणणं सिद्ध केलं.

राजापूरची_गंगा | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

आत्या कोणाचंच म्हणणं सिद्ध करत नाही. ती फक्त आपलं म्हणते.

सॅक_आणि_शिट्टी | १२ जानेवारी, रात्री ९:१५

गंगाताईंना +१. माणशी की खोलीमागे, हा प्रश्न खोलीपुरता नाही, सगळ्याच गोष्टींना लावा. मी आठ वर्षं एकटा फिरतोय, माझे ठोकताळे असे:

ताडोबात जिप्सी अख्खी बुक करावी लागते, सहा जणांची. एकट्याने घेतली तर वाघ दिसो न दिसो, बिल बघून डरकाळी आपलीच. म्हणून आधी मोहर्लीतल्या दोन-तीन मुक्कामाच्या जागांना फोन करून विचारतो, कोणाच्या जिप्सीत एक सीट रिकामी आहे का. असते. चौघांच्या कुटुंबाला पाचवा पैसे वाटून घेणारा हवाच असतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात मिनी बसचं तिकीट माणशी, तिथे प्रश्नच नाही.

आलेप्पीला हाऊसबोट म्हणजे अख्खी बोट, अख्खा खानसामा. एकट्याने कशाला? केरळच्या जलवाहतूक खात्याची आलेप्पी ते कोट्टायम प्रवासी बोट आहे, अडीचेक तास, तेच कालवे, तीच नारळाची झाडं, शेजारी शाळेची पोरं आणि भाजीच्या पिशव्या. तिकीट दोन वडापावांच्या पैशात.

लेहला बाजारातल्या ट्रॅव्हलवाल्यांच्या दारावर कागद चिकटवलेले असतात, पँगाँगला उद्या दोन सीट शिल्लक, नुब्राला परवा एक. तुम्हीही चिकटवा. सिलिगुडीहून गंगटोकला शेअर जीपची सीट घ्या, अख्खी गाडी घेऊ नका. उत्तराखंडात कुमाऊँ आणि गढवाल मंडळांच्या विश्रामगृहांत कित्येक ठिकाणी डॉर्मिटरी असते, दर बेडचा. यूथ हॉस्टेल असोसिएशनचे ट्रेकही सरळ माणशी.

आणि रेल्वे! एकटा आहे म्हणून बर्थला कोणी दीडपट घेत नाही. एकट्या माणसाला इतकं सरळ वागवणारी दुसरी संस्था मला माहीत नाही.

कल्याण_स्लो | १२ जानेवारी, रात्री ९:२१

रेल्वे सगळ्यांनाच सारखं वागवते. तिघांच्या बाकावर चौथा बसवते.

दहिसरकर_६३ | १२ जानेवारी, रात्री ९:४०

रेल्वेचं कौतुक पुरे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती अजून थांबलेलीच आहे. मी साठीचा झालो आणि दोन महिन्यांत ती बंद. चाळीस टक्के होती पुरुषांना. नशीब.

लोणचंपोळी | १२ जानेवारी, रात्री ९:५२

त्यापेक्षा आमची लालपरी बरी. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे फुकट. ताई, एक लक्षात घ्या, तुम्ही एकट्या असलात तर एसटी अर्धे घेते आणि ती कंपनी दीडपट. बेरीज केली तर दोन माणसं होतात.

ऑफसाइड | १३ जानेवारी, सकाळी ११:३०

पैशांपेक्षा मोठा मुद्दा कोणी काढलाच नाही. एकट्या माणसाला खोलीच देत नाहीत त्याचं काय?

चार वर्षांपूर्वी पावसात एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो. नाव घेत नाही. रात्रीचे आठ, छत्री उलटी झालेली, तिसरं लॉज. काउंटरवरचा म्हणाला, "सिंगलला रूम नाही." का? "मालकांनी सांगितलंय." मग हळूच म्हणाला, एकटे लोक येतात आणि काहीतरी करून घेतात, मग पोलिसांत खेटे आम्ही घालायचे. म्हटलं अहो, मी मिसळ खायला आलोय, जीव द्यायला नाही. शेवटी तो म्हणाला, घरी फोन लावून द्या. लावला. बायकोला त्याने विचारलं, "हे तुमचे मिस्टर का? घरी सगळं ठीक आहे ना?" ती म्हणाली, "मिस्टर माझेच. पण ते नक्की एकटेच आहेत ना, ते आधी तुम्ही मला सांगा."

खोली मिळाली. घरी परतल्यावर मात्र दोन दिवस खुलासे.

जोशीकाकू_मुलुंड | १३ जानेवारी, दुपारी १२:०५

शहाणी आहे बाई तुमची.

एकवीरा_कोळीवाडा | १३ जानेवारी, दुपारी १२:४०

@ऑफसाइड, तुम्हाला हे एकदा झालं म्हणून किस्सा झाला. आम्हा बायकांना दर वेळी होतं. एका देवस्थानाच्या भक्तनिवासात मला सांगितलं, एकट्या बाईला खोली नाही, कुटुंब हवं. देवीचं देऊळ होतं हो. तिथे आत गाभाऱ्यात एकटीच बसलीये ती, तिला कोण विचारतं कुटुंब कुठाय?

आता मी निघायच्या आधी फोन करते, "मी एकटी येतेय, चालेल का" असं स्वच्छ विचारते आणि ज्याने हो म्हटलं त्याचं नाव लिहून ठेवते. पर्यटन महामंडळाच्या रिसॉर्टात मला हा त्रास कधी झाला नाही. शिवाय सरकारच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात महिला दिनाच्या आठवड्यात महामंडळ बायकांना निम्म्या दरात खोली देतं. मागे मी हरिहरेश्वरला घेतली होती. म्हणजे दोघांची खोली एकीच्या दरात, शमाताई की काय तुमचं नाव, तुमचा प्रश्न आठवड्यापुरता तरी सुटला.

खिडकीजवळची | १३ जानेवारी, दुपारी १:१५

शमा नाही, पण चालेल. हे टिपून ठेवलं. मार्चमध्ये इयर एंडिंग असतं, पण पहिला आठवडा जमवता येईल.

तोक्यो_व्हाया_ठाणे | १३ जानेवारी, रात्री ८:२०

हे दोघांच्या खोलीचं गणित सगळीकडे नाही हं. जपानला कामासाठी तीन वेळा गेले. तिथल्या बिझनेस हॉटेलांत मुळातच एकट्याची खोली असते, एकाच्या दरात. अर्थात ती एवढीशी की बॅग उघडली की बाथरूमचं दार उघडत नाही. आणि कॅप्सूल हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरती पेटी, हे तर त्यांचंच अपत्य, पहिलं ओसाकाला १९७९ मध्ये निघालं.

जळगावची_केळी | १३ जानेवारी, रात्री ८:४५

कॅप्सूलसाठी जपान कशाला, मुंबई सेंट्रलला आहे की. स्टेशनातच पॉड हॉटेल, २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. मी मुंबईला कामाला आले की तिथेच पडते. तुमच्या मुंबईत एकट्या बाईला हजार-बाराशेत धड लॉज दाखवा कोणीतरी. गाडीतून उतरले, जिना चढले, पेटीत शिरले. पहिल्यांदा जरा मर्तिकासारखं वाटलं, पण झोप छान लागली.

शिडाचं_गलबत | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

बोटीवर हयात गेली म्हणून दोन शब्द. क्रूझवर ही भानगड सगळ्यात महाग. केबिन दोघांची, त्यामुळे एकट्याकडून बहुधा दोघांच्या भाड्याएवढेच घेतात, कारण कंपनीचा हिशोब असा की दुसरा माणूस आला असता तर त्याने बोटीवर दारू, दुकानं, कसिनो यांत पैसे उडवले असते, तेही बुडाले. २०१० मध्ये नॉर्वेजियन एपिक ही बोट आली, तिच्यावर एकट्यासाठी मुद्दाम छोट्या स्टुडिओ केबिन काढल्या, खिडकी समुद्राकडे नाही, आतल्या बोळाकडे. लोक त्यावर उड्या टाकायला लागले. मुंबईहून समुद्रावर जायचंच असेल तर गेटवेहून मांडव्याची लाँच घ्या. माणशी तिकीट आणि सीगल फुकट.

अर्धं_ताट | १४ जानेवारी, दुपारी १:३०

अवांतर, पण एकट्याच्या जेवणाचं कोणी बोलेल का? चार भाज्या चाखाव्या वाटतात आणि एक पनीर मागवलं की वाडगाभर येतं. मी तर प्रवासात थाळीच घेतो. एकट्या माणसासाठी निघालेला सगळ्यात थोर पदार्थ म्हणजे थाळी.

चहाबाज | १४ जानेवारी, दुपारी १:४१

सुरमई थाळी हो. पण भरलेलं पापलेट दोघांचंच असतं, एकट्याने संपवलं तर दुपार जाते.

पश्चिमेचा_वारा | १४ जानेवारी, दुपारी १:५०

म्हणून उडपी बरा. मॅनेजर आपणच म्हणतो, "साहेब, टेबल शेअर करावं लागेल." समोर अनोळखी माणूस सांबारात इडली बुडवतोय, आपण डोसा मोडतोय, कोणी कोणाशी बोलत नाही. मुंबईत हे इतकं अंगवळणी पडलंय, मग खोली शेअर करायलाच का जड जातं?

बेधडक_बाबुराव | १४ जानेवारी, दुपारी १:५८

कारण डोसा खाताना कोणी घोरत नाही.

दहिसरकर_६३ | १४ जानेवारी, दुपारी २:१५

बाबुरावांशी पहिल्यांदाच सहमत.

खिडकीजवळची | १९ जानेवारी, रात्री ९:०५

भटारखाना काका, गेले होते. विचारलं, जेवण एकाचं की दोघांचं. मुलीने माझ्याकडे बघितलं, "एक मिनिट हं मॅडम" म्हणून आत साहेबांकडे गेली. काचेतून दिसत होतं, साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला. बाहेर येऊन म्हणाली, "४८,०००, पण कोणाला सांगू नका." इथे सांगितलंय ते तिला कळू देऊ नका. रूम पार्टनरसाठीही नाव लिहून घेतलंय, मे महिन्याच्या तुकडीत अजून एकही एकटी बाई नाही म्हणाली.

पैसे भरले नाहीत अजून. आधी जवळ कुठेतरी जाऊन बघते, एकटीने जमतंय का ते तरी कळेल.

निवृत्त_भटारखाना | २० जानेवारी, सकाळी ७:०२

चार हजार. बरं झालं. उरलेल्या नऊशेसाठी भांडू नका, तो साहेबांचा चहा.

खिडकीजवळची | २९ मार्च, दुपारी ४:३०

धागा वर काढतेय. कोणी विचारलं नाही तरी सांगते, जाऊन आले. वेळासला, कासवं बघायला, चार रात्री.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: मंडणगड तालुक्यातलं नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वाळूत अंडी घालून निघून जातात. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून गावकरी ती उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत ठेवतात आणि वर टोपल्या पालथ्या घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने हे २००२ मध्ये सुरू केलं. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. रोज सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघायच्या, असतील तर समुद्राकडे सोडायची. पहिल्या दिवशी दोन्ही वेळा टोपल्या रिकाम्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एका टोपलीखाली एकोणीस. बशीएवढीही नाहीत, ओली काळी रबरासारखी, आणि पाण्याच्या विरुद्ध दिशेला निघालेलं एक शेंडेफळ. सगळे लोक ओरडतायत "अरे इकडे, इकडे!" जशी काही त्याला मराठी येते.

आता हिशोब, कारण धागा त्याचा आहे. राहणं गंगाताईंनी सांगितलं तसंच, माणशी ९०० रोजचे, चहा-नाश्ता आणि दोन्ही जेवणं. पडवीलगतच्या खोलीत चार गाद्या. माझ्याशिवाय कोल्हापूरच्या दोन शिक्षिका आणि एक कॉलेजची मुलगी. एकटी म्हणून एक रुपया जादा नाही. एसटीला अर्धं तिकीट. बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट, तिथेही माणशी. फक्त वेसवीच्या धक्क्यावर अडले. रिक्षावाला म्हणाला, अख्खी रिक्षा घ्या. बाबुराव, तुमची फार आठवण आली. वीस मिनिटं ऊन खात उभी राहिले, मग मासळीची पाटी घेतलेल्या एक मावशी आल्या, त्यांना वाटेत उतरायचं होतं. अर्धे त्यांनी, अर्धे मी. पर्सला अजून वास येतोय.

खोलीतल्या बायका गोड होत्या. पण चौथ्या रात्री मला दोन वाजता जाग आली, पुस्तक वाचावंसं वाटलं, आणि दिवा लावता येईना. आई असताना बारा वर्षं असंच, तिची झोप मोडेल म्हणून मोबाइलच्या उजेडात वाचायचे. अंधारात पडल्या पडल्या ठरवलं, हिमाचलला स्वतंत्र खोली घेणार. काल ४८,००० भरून आले.

जोशीकाकू_मुलुंड | २९ मार्च, दुपारी ४:५२

अगं मी तर तुझी पार्टनर म्हणून यायला मेची रजा टाकणार होते! असो. शेजारची खोली घेते. दिवा खुशाल लाव.

बेधडक_बाबुराव | २९ मार्च, संध्याकाळी ५:१०

रिक्षाचे एकूण किती घेतले?

चहाबाज | २९ मार्च, संध्याकाळी ५:३३

आणि त्या शेंडेफळाचं काय झालं?

खिडकीजवळची | २९ मार्च, संध्याकाळी ५:४०

@बाबुराव, दोनशे. @चहाबाज, दोन वेळा वळून मागे आलं, मग एक मोठी लाट आली आणि दिसेनासं झालं.